काका, ३३८९ बंद केलंत त्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. माझ्यासारखे छोटे कर सल्लागार सांगलीत गल्लोगल्ली आहेत. ऑफिसचा कॉम्प्युटर घरून चालवायची वेळ त्यांच्यावरही येतेच.

सासूबाईंचं ऑपरेशन पुण्यात आणि २० तारखेच्या आत सगळ्यांचे जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याची जीएसटीची विवरणपत्रं, भरायचे, अशा कात्रीत मी होते. तुमच्या आधी जो माणूस आला त्याने राउटरमध्ये ३३८९ पोर्ट, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायच्या विंडोजच्या 'रिमोट डेस्कटॉप' सोयीचं दार, सगळ्या इंटरनेटला उघडून दिला आणि गेला. पुण्यात स्क्रीन दिसत होती, मला वाटलं भागलं. तुम्ही आलात आणि आधी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधला सिक्युरिटी लॉग, म्हणजे कोण कधी आत आलं याची वही, उघडलात. ४६२५, ४६२५, ४६२५. खाली सरकवत गेलं तरी संपेना. फसलेल्या लॉगिनच्या नोंदी होत्या त्या: अॅडमिनिस्ट्रेटर, अॅडमिन, टेस्ट, युजर. रात्री दोनला, पहाटे चारला, ऑफिसला कुलूप असताना कुणीतरी पासवर्ड लावून बघत होतं. माझ्या पोटात गोळाच आला. त्या मशीनवर लोकांचे पॅन आहेत, बँकेची स्टेटमेंट्स आहेत, विश्वासाने दिलेली.

पोर्टचा नंबर बदलला तर चालेल का, असं मी विचारलं. चालणार नाही, शोधणारे सगळेच नंबर चाळतात, म्हणालात. मग २०१९ सालच्या ब्लूकीपबद्दल सांगितलंत: रिमोट डेस्कटॉपमधली अशी त्रुटी, की पासवर्ड माहीत नसतानाही मशीन ताब्यात घेता येत होतं. मायक्रोसॉफ्टला मुदत संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली होती. पासवर्ड कितीही भक्कम ठेवला तरी पोर्ट जगाला उघडा का ठेवायचा नाही, ते मला तेव्हा कळलं.

राउटरमधली पोर्ट उघडणारी ती नोंद तुम्ही माझ्याच हाताने पुसायला लावलीत. ऑफिसच्या मशीनवर आणि माझ्या लॅपटॉपवर टेलस्केल टाकलं, म्हणजे फक्त माझ्या उपकरणांना आपसात जोडणारं खाजगी नेटवर्क, त्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावली. आता ऑफिसच्या मशीनचा १०० ने सुरू होणारा पत्ता फक्त माझ्या उपकरणांना दिसतो आणि राउटरवर काहीच उघडं नाही. फायरवॉलमध्येही रिमोट डेस्कटॉपला तेवढ्याच पत्त्यांपुरती परवानगी ठेवलीत. माझ्यासाठी अॅडमिनचे अधिकार नसलेलं वेगळं खातं काढलंत. हे सगळं एका संध्याकाळचं काम होतं.

पण मला खरं कौतुक वाटलं ते पुढच्या बारकाव्यांचं. आपल्याकडे वीज जाते. ती आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं म्हणून तुम्ही बायोसमधली सेटिंग बदललीत. मशीन सुरू झालं तरी कुणी लॉगिन केलेलं नसतं, म्हणून टेलस्केलमध्ये लॉगिनशिवायही जोडलेलं ठेवणारं 'रन अनअटेंडेड' चालू केलंत. टेलस्केलची चावी, म्हणजे मशीनची ओळख, १८० दिवसांनी संपते, ती मुदत ऑफिसच्या मशीनपुरती काढून टाकलीत. नाहीतर ऐन रिटर्नच्या आठवड्यात संपर्क तुटला असता आणि मी पुण्यात हात चोळत बसले असते. डिजिटल सहीचं टोकन ऑफिसच्या मशीनला लावून ठेवलं तर रिमोट सेशनमध्ये दिसत नाही, ते जवळच्या लॅपटॉपलाच लावायचं, हेही तुम्हीच सांगितलंत. टोकन बरोबर घेऊन गेले म्हणून कंपन्यांची रिटर्न्स वेळेत गेली.

जाता जाता आमच्या ऑफिसमधल्या मुलीलाही बसवून समजावलंत: बँकेतून बोलतोय म्हणून फोन आला आणि एनीडेस्कसारखं, दुरून आपला फोन चालवू देणारं, अॅप टाकून त्यातला नंबर सांगा म्हणाले, तर फोन ठेवून द्यायचा. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या प्रकाराबद्दल सावध केलं होतं, तेही तिला सांगितलंत. इतर कुणी एवढा वेळ दिला नसता, काका. आयुष्यभर टेलिफोन खात्यात लाइनी सांभाळल्यात, तीच शिस्त तुम्ही माझ्या दोन खोल्यांच्या ऑफिसलाही लावलीत. मनापासून आभारी आहे.

सासूबाई आता काठीशिवाय चालतात. एक विनंती आहे. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर दोघांकडे हाच पोर्ट अजून उघडा आहे. मी सांगून पाहिलं, पण त्यांना तो लॉग तुम्हीच दाखवायला हवा. या आठवड्यात सवड काढाल का? त्यांना मी थांबवून ठेवते.

आपली,
वरच्या मजल्यावरची कर सल्लागार