साक्ष द्यायच्या आधी हे वाच

सोनू बेटा,

परवा तुझा मेसेज आला की पास्टर साहेबांनी २४ तारखेच्या उपासनेत तुला साक्ष द्यायला, म्हणजे त्या लहानपणीच्या आजारात देवाने कसं सांभाळलं ते सगळ्यांसमोर बोलायला सांगितलंय, मम्मी मी काय बोलू, मला तर नीट काही आठवतच नाही. मी घाईत "देवाचे आभार मान अन् बस खाली" एवढंच टाकलं. पण दोन दिवस झाले तेच डोक्यात फिरतंय म्हणून आता पप्पा झोपल्यावर बसून टाइप करतेय, लांब झालं तर होस्टेलवर निवांत वाच.

तू सहा वर्षांची होतीस, २०१५ चा मे महिना, जळगावचा उन्हाळा तुला माहितीच आहे. रात्री पाय दुखतात म्हणून रडायची, मला वाटायचं खेळून खेळून दुखत असतील, मी तेल चोळून द्यायची. मग ताप यायचा जायचा, टायफॉइड म्हणून दहा दिवस औषध झालं. तुला अंघोळ घालताना आजीने नडगीवरचे निळे डाग पाहिले अन् म्हणाली, हे पडल्याचे नाहीत व माय. रक्त तपासलं तर प्लेटलेट अठरा हजार, कमीत कमी दीड लाख पाहिजे असतात. तिसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीने दादर अन् तिथून परळला टाटामध्ये. रक्ताचा कॅन्सर, एएलएल. डॉक्टर म्हणाले लहान मुलांत हाच जास्त दिसतो आणि बरीच मुलं बरी होतात, पण दोन अडीच वर्षं धरून चला.

खर्चाचं काही तुला सांगत बसत नाही, केशरी कार्डावर योजनेतून बराच निघाला, बाकी पप्पांनी बघितलं.

पण ते पाठीतलं इंजेक्शन मी विसरूच शकत नाही. सलाईनमधलं औषध मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, तिथे कॅन्सरच्या पेशी लपून राहतात म्हणून मणक्यातून औषध द्यायचे. तुला कुशीवर गोळा करून धरायचं काम नर्सचं होतं, पण तू पहिल्यांदा एवढी ओरडली की मी बाहेरच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला अन् देवाला म्हटलं, आजपासून मी तुझ्याशी बोलणार नाही. खरंच नाही बोलले बेटा. महिनाभर तरी एक शब्द प्रार्थना नाही, जेवणाआधीची पण नाही. हे मी आजवर फक्त आजीला सांगितलं होतं. मला वाटलं ती रागवेल, तिचं सगळं आयुष्य चर्चमध्ये गेलेलं. ती म्हणाली, तू नको करू, मी करते, तू पोरीला धर. एवढंच बोलली अन् स्टीलच्या डब्यात खिचडी भरायला लागली.

स्टिरॉइडमुळे तुला भयंकर भूक लागायची ना, रात्री दोन वाजता उठून शेवभाजी मागायची, तोंड एकदम गोल झालेलं. बाहेरचं काही चालायचं नाही, फळ पण जाड सालीचं सोलून, मग तुझे मामा दर आठवड्याला कोणाच्या तरी हाती केळी पाठवायचे, आपल्याकडची, अख्खा फणा. वॉर्डात सगळ्यांना वाटायचो. आणि प्लेटलेट पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, साठवून ठेवता येत नाहीत, माणूसच उभा करावा लागतो. चर्चच्या ग्रुपवर निरोप टाकला तर मुंबईत कामाला असलेली आपल्याकडची पोरं आली, त्यात आपल्या गल्लीतल्या चाचींचा मोठा मुलगा रोजा असूनही आला, डॉक्टरांनी त्याला म्हटलं आधी खाऊन ये मग घेऊ, तर तो संध्याकाळी रोजा सोडून परत आला. हे मात्र साक्षेत सांग, त्याच्या आईला बरं वाटेल.

आणि एक जण घरी आले होते तेही सांगते. मधल्या गॅपमध्ये आपण जळगावला होतो, तुझे सगळे केस गेलेले. ते म्हणाले घरात कोणाचं तरी पाप असेल, किंवा विश्वास कमी पडतोय, पूर्ण विश्वास असता तर केमोची गरज काय. पप्पा उठून बाहेर गेले. मी दोन रात्री माझी पापं मोजत बसले गं. पास्टर साहेबांना कळलं तेव्हा ते आले अन् योहानाचा नववा अध्याय काढून दिला, तो जन्मापासून आंधळा माणूस, शिष्य विचारतात पाप कोणाचं, याचं की आईबापाचं, अन् प्रभू म्हणतात याचंही नाही, आईबापाचंही नाही. त्या दिवशी मी परत बोलले देवाशी. नीट प्रार्थना काही नाही, नुसतं रडले.

म्हणून तुला एकच विनंती, तिथे उभं राहून "माझ्या मम्मीपप्पांच्या विश्वासामुळे मी वाचले" असं म्हणू नको.

कपाटात ती हिरवी प्लास्टिकची बस आहे ना, तू नेहमी विचारते कोणाची अन् मी विषय बदलते. तुझ्या बाजूच्या खाटेवर परभणीकडचा एक पोरगा होता, तुझ्याच वयाचा, तुझाच आजार, तुझीच औषधं. त्याची आई मंगळवार शनिवार उपास धरायची अन् तुझ्या नावाने पण धरायची, मी देवाशी बोलत नव्हते त्या महिन्यात सुद्धा. त्याचा आजार उलटला. जाण्याआधी त्याने ती बस तुला दिली होती. तिचा विश्वास माझ्यापेक्षा कमी नव्हता सोनू, जास्तच होता. तू का वाचली अन् तो का नाही, हे मी दहा वर्षं देवाला विचारतेय, चिडून नाही आता, पण विचारते. प्रभू माझ्याजवळ होता हे मला पक्कं माहिती आहे, तिच्याजवळ नव्हता असं कोणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

तेवढं सोडून तुला जे वाटतं ते बोल. रडू आलं तर रड, आपलीच माणसं आहेत.

त्याच्या आईला मी दर नाताळला फोन करते. या वर्षी तू बोल, तुझा आवाज कसा झालाय हे ती मागच्या वेळी विचारत होती. स्वेटर आण, इकडे पहाटे गारठा पडलाय.

तुझी मम्मी