कॉट बेसिसवाल्यांचं पण ऐका

संपादक साहेब, नमस्कार.

परभणीहून पुण्यात शिकायला आलो, आता दुसरं वर्ष चालू आहे आणि एवढ्यात तिसरी रूम झाली. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोली नाही तर एकेक कॉट भाड्याने; एका खोलीत चार कॉट, मधे बॅग ठेवायलाही जागा नाही, तरी म्हणे लायब्ररी जवळ आहे ना मग अजून काय पाहिजे! बरं भाडं देतो ते देतोच, वर डिपॉझिट, एजंटला एक महिन्याचं भाडं, आणि सोडताना घरमालकीण काकू म्हणाल्या रंगकामाचे कापले. भिंतीला साधा खिळा पण मारला नव्हता मी, कॅलेंडरसुद्धा मेसवाल्यांनी दिलेलं ते दारालाच अडकवलं होतं.

करार मागितला तर "मुलांचा कसला करार" असं उत्तर. नंतर एका वकील दादानी सांगितलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर पाहिजे, ती जबाबदारी घरमालकाची, आणि केला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरतात, उलटं सिद्ध होईपर्यंत. हे आम्हाला आधी कोणी सांगितलंच नाही. आता तर ११ महिन्यांचा करार घरबसल्या आधार आणि अंगठा लावून ऑनलाइन होतो.

कॉलेजांनी ॲडमिशनच्या वेळी फीच्या पावतीसोबत एवढं एक पान छापून द्यावं. आणि काकू, माझे डिपॉझिटचे पैसे अजून बाकी आहेत.

– एक विद्यार्थी, सध्या कर्वेनगर, पुणे