आई, खिडकी मी मुद्दाम उघडते

वायमार, जर्मनी
२३ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार. आजीच्या पाया पडते.

मी मजेत आहे. आई पत्र उघडून आधी तेच शोधणार, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं. जेवण वेळेवर होतं, कानटोपी घालते, खोकला गेला. आठवड्यातून दोनदा फोन होतो तरी पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. फोनवर मागून शेजारच्या काकूंचा कुकर वाजतो, खालून भाजीवाल्याची हाक येते, आणि मला सांगायचं असतं ते घशातच राहतं. मग ‘सगळं ठीक’ म्हणते आणि फोन ठेवते. कागदावर तसं होत नाही.

आधी खिडकीचं. गेल्या रविवारी व्हिडिओवर माझ्या मागची खिडकी सताड उघडी दिसली आणि बाहेर २ अंश होतं. आई, तू ओरडलीस. पण मी लावायला विसरले नव्हते, मुद्दाम उघडली होती. इथे सगळेच उघडतात. त्याला ‘श्टोसल्युफ्टन’ म्हणतात. कडाक्याच्या थंडीतसुद्धा दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायच्या, मग घट्ट लावून घ्यायच्या. माझ्या भाडेकरारात तसं लिहिलंय. घरमालकीणबाईंनी चावी देताना सगळ्यात आधी खिडकीची कडी कशी फिरवायची ते दाखवलं, शेगडी आणि नळ नंतर.

कारण असं की इथली घरं थंडीसाठी इतकी बंदिस्त बांधलेली असतात की हवा आपणहून बदलतच नाही. आपण श्वास सोडतो, भात शिजवतो, अंघोळ करतो, कपडे खोलीतच वाळत घालतो. ती सगळी वाफ आत राहते. गरम हवेत वाफ जास्त मावते. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत १७ ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं, ० अंशाला जेमतेम ५ ग्रॅम. ही ओली हवा गार भिंतीला टेकली की तिथे पाणी सुटतं आणि बुरशी धरते, जुलैत आपल्या कपाटामागे धरते तशीच काळी. बाहेरची हवा गार असली तरी तिच्यात पाणी कमी असतं, त्यामुळे ती आत येऊन तापली की खोलीतली ओल ओढून घेते. पाच मिनिटांत नुसती हवा बदलते, भिंती गार होत नाहीत, म्हणून खोली लगेच पुन्हा उबदार होते. लालबागला पावसात बाहेरचीच हवा ओली, तिथे तू खिडकी लावून घेतेस ते योग्यच.

मलाही हे लगेच पटलं नव्हतं. इथली खिडकी कडी वर फिरवली की वरच्या बाजूने आत कलते आणि थोडी फट राहते. दिवसभर तशी ठेवली तर काय बिघडलं? म्हणून ओल मोजायचा छोटा काटा आणला. चार दिवस खिडकी कलती ठेवली, चार दिवस पाच-पाच मिनिटं सताड. कलती होती तेव्हा काटा संध्याकाळी ५५ टक्क्यांवर असायचा, पण खिडकीलगतची भिंत हाताला बर्फासारखी लागायची आणि हीटर बंदच होत नसे. सताड उघडली तेव्हा काटा ६८वरून ४४वर आला आणि भिंत होती तशीच राहिली. मग पटलं. बाबा, हे सगळं मी वहीत लिहिलंय. तीन रकाने आहेत: काय बदललं, काय होईल असं वाटलं होतं, काय झालं. मधला रकाना आधी भरायचा. नंतर भरायला बसलं की मन आपल्याला फसवतं, ‘मला हेच वाटलं होतं’ म्हणतं.

ही वही अभ्यासातलीच. आणि त्यावरून दुसऱ्या काळजीकडे येते. बाबा ती मला बोलून दाखवत नाहीत, दादाकडून कळते: चाळीस हजारांची नोकरी सोडून पोरगी तिकडे रद्दी पिळत बसलीय का?

हो बाबा, रद्दीच पिळतेय. पण पूर्ण ऐका. लोअर परळच्या त्या ऑफिसात माझ्यापुढे बाहेरचा नमुना ठेवायचे आणि म्हणायचे, ‘असंच कर, जरा वेगळं.’ चार वर्षांत माझ्या हातून एकही कापड असं झालं नाही ज्याचा शेवट मला आधीच ठाऊक नव्हता. रात्री तुम्ही विचारायचात, ‘आज काय नवीन केलंस?’ आणि मी तुमच्यावर चिडायचे. तो राग तुमच्यावर नव्हता.

ऑक्टोबरात सत्र सुरू झालं तेव्हा आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी वर्तमानपत्रांचा ढीग टेबलावर ठेवला. सहा आठवडे, याचाच धागा करायचा, गोंद वापरायचा नाही. पहिला आठवडा मी जे.जे.मध्ये शिकले तशी चित्रं काढत बसले, काही सुचेना, रात्री झोप येईना. मग कंटाळून नुसती फाडायला लागले आणि लक्षात आलं की पान उभं फाडलं की पट्टी सरळ निघते, आडवं फाडलं की वेडीवाकडी. कागदाचे तंतू मुख्यतः एकाच दिशेला बसलेले असतात. जन्मभर आपल्या घरात वर्तमानपत्रं फाडली, फळीवर घालायला, काचा पुसायला, आणि हे मला एकोणतिसाव्या वर्षी दिसलं! एक सेंटीमीटरची पट्टी पिळताना तुटली, तीनची सुंभासारखी ताठ झाली, दोनची बरी. पाण्यात बुडवली तर फाटली. नुसत्या ओल्या बोटांनी पिळून रात्रभर हीटरवर ठेवली, तर सकाळी पीळ सुटला नव्हता. त्या सकाळी मला इतका आनंद झाला की पहिला विचार आला तुम्हाला फोन करायचा. तुमच्याकडे तेव्हा साडेअकरा वाजले असतील. पण पिळलेल्या रद्दीचं काय सांगणार म्हणून केला नाही. करायला हवा होता.

कडेच्या कोऱ्या पट्ट्या पिळताना बोटांची शाई त्यांना लागली. मी त्या खराब म्हणून बाजूला टाकल्या होत्या. बाईंनी त्याच उचलल्या. त्या ‘छान’ म्हणत नाहीत, ‘वाईट’ही म्हणत नाहीत. फक्त ‘इथे काय झालं?’ एवढंच विचारतात. नीट पाहिलं तर जिथे बोटांचा जोर जास्त पडला तिथे धागा काळा झाला होता, बाकी पांढरा. माझा पिळायचा ठेकाच त्यावर उमटला होता. आता त्याच ठेक्यावर मी पट्टा विणतेय. ते बसून सुचलं नसतं.

हे खूळ आमच्या बाईंचंच नाही. याच गावात १९१९ साली बाउहाउस नावाची कलाशाळा निघाली, १९२५ साली ती देसाऊला गेली. तिथे योझेफ आल्बर्स नावाचे गुरुजी नव्या मुलांना असेच वर्तमानपत्रांचे गठ्ठे द्यायचे. त्यांच्या एका विद्यार्थ्याने लिहून ठेवलंय की मुलांनी होड्या, किल्ले, मुखवटे केले आणि एकाने कागद नुसता लांबीत दुमडून उभा केला. गुरुजींना तोच आवडला. होडी कशाचीही करता येते, पण लेचापेचा कागद एका घडीने ताठ उभा राहतो, हे कागदाला हात लावल्याशिवाय कळत नाही.

आणि आजीला हे वाचून दाखवा. त्या आल्बर्स गुरुजींच्या पत्नी आनी आल्बर्स त्याच शाळेत शिकायला आल्या होत्या. बायकांना बहुतेक विणकामाच्याच खात्यात पाठवत, तसं त्यांनाही पाठवलं. त्यांनी बर्लिनजवळच्या बेर्नाऊमधल्या एका सभागृहासाठी भिंतीवर लावायचं कापड विणलं. एका बाजूला सेलोफेन, ते उजेड परतवायचं. दुसऱ्या बाजूचा मऊ लवदार धागा आवाज गिळायचा. १९३० साली त्यांना त्याच कामावर पदविका मिळाली. बाबा, ती इमारत कामगार संघटनांची शाळा होती. हे वाचलं तेव्हा आजोबा आठवले. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, इतक्या खडखडाटात त्यांना धोट्याच्या आवाजावरून धागा तुटल्याचं कळायचं, असं आजी सांगते. १९८२च्या गिरणी संपानंतर ते पुन्हा साच्यापुढे उभे राहिले नाहीत. आता मला इथे साच्यावर बसायला मिळणार आहे. हे मला तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं.

आई, तू हे सगळं आधीपासून करतेस. आंबोळीचं पीठ माझं इथे फुगतच नव्हतं. मेथी वाढवली, काही नाही. पीठ हीटरवर ठेवलं तर वरून सुकलं. शेवटी बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं, चौदा तासांनी वर आलं. तू थंडीत डबा घोंगडीत गुंडाळायचीस तेव्हा मी कधी विचारलंही नाही की का.

आता बाकीचं, भराभर लिहिते.

सोबत ३०० युरो पाठवलेत, साधारण तीस हजार होतील. ते बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठीच, दादाच्या लग्नाच्या हॉलच्या पैशांत घालू नका. उपाशी राहून साठवलेले नाहीत. व्हिसासाठी आधी पैसे भरून ठेवलेल्या माझ्या खात्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात त्यात माझं भागतं, आणि शनिवार-रविवारी एका उपाहारगृहात काम करते ते वरचे. परवानगी आहे, नियमात बसतं. बाबांनी एफडी मोडली ती माझ्या लक्षात आहे. रोज असते.

दुसरं. साच्यावरचं काम पुढच्या हिवाळ्यात मिळतंय, म्हणून माझं शिक्षण सहा महिन्यांनी लांबेल. मार्च २०२७ऐवजी सप्टेंबर. कर्जाचा हप्ता त्याप्रमाणे पुढे जाईल, व्याज मात्र चालू राहील. त्या व्याजाचे पैसे मी महिन्याच्या महिन्याला पाठवीन. हे फोनवर तीनदा सांगायला घेतलं आणि तीनदा राहिलं. रागवा, पण निदान दोन दिवस विचार करून मग रागवा.

गणपतीला आले नाही, ऑपरेशनलाही नसेन, साखरपुडाही फोनवरच बघणार. मे महिन्यात लग्नाला मात्र नक्की येते, तिकीट बघून ठेवलंय. वहिनीला सांगा, तिच्या हळदीला मी असणार.

तुळशीचं लग्न लागलं, म्हणजे आईकडे स्थळं यायला लागली असतील. डोंबिवलीच्या मुलाचा फोटो पाहिला. नाही म्हणत नाही. पण त्यांना शब्द देऊ नका. मेमध्ये आले की मी त्याच्याशी एकटी बोलेन, दोन-तीनदा, आणि मगच सांगेन. माझे ते सहा महिने त्याला आत्ताच सांगून टाका, लपवू नका.

बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायच्या वेळा दादाला मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावायला सांगा. आईच्या भरवशावर सगळं टाकू नका.

तुमची,
बाय

ता. क. पाकिटात धाग्याचा हातभर तुकडा आहे, तो आजीसाठी. तिला म्हणावं, दोन्ही हातांनी ओढून बघ. तुटला तर किती ओढल्यावर आणि कुठे तुटला, तेवढं मला कळवा.