सहा डोळ्यांचा नरकासुर आणि मोडकी बासरी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र छापून आलं होतं. म्हापशातल्या एका वाड्यावर पोरांनी दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याला सहा डोळे काढले, जपानी कार्टूनमधला राक्षस आपल्या चतुर्दशीत आणून उभा केला, आणि ही अ‍ॅनिमे नावाची मालिकांची साथ मुलांना राक्षसांवर जीव लावायला शिकवते आहे, असा त्यांचा सूर होता. तो नरकासुर आमच्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत उभा होता. त्याचा जांभळा झगा मी शिवून दिला होता. म्हणून हे पत्र.

मी गेली २६ वर्षं शिवणकाम करते. ब्लाऊज, शाळेचे गणवेश, आणि जत्रेचे दिवस जवळ आले की नाटकांचे कपडे. कृष्णाचा शेला, राजाचा अंगरखा, राक्षसाचा झगा. अ‍ॅनिमे हा शब्दही मला ठाऊक नव्हता. तीन वर्षांपूर्वी कॉलेजातली एक मुलगी मोबाईलवर एक चित्र घेऊन आली. तिला ‘डीमन स्लेयर’ या अ‍ॅनिमे मालिकेतल्या गियू नावाच्या पात्राचा वरचा सैल डगला हवा होता, जपानीत त्याला हाओरी म्हणतात. उजवी बाजू साधी, कोकमाच्या रंगाची. डावी बाजू पिवळ्या, हिरव्या, नारिंगी चौकटींची. पाठीवर मधोमध शिवण. मी तिला विचारलं, कापड पुरलं नाही म्हणून जोड दिली आहे का? ती म्हणाली, नाही ताई, उजवं कापड त्याच्या बहिणीचं आहे आणि डावं त्याच्या मित्राचं. दोघांनाही राक्षसांनी मारलं. बहीण तर लग्नाच्या आदल्या दिवशी त्याला वाचवताना गेली.

माझ्या हातातला खडू थांबला. आमच्याकडेही आईची साडी कापून मुलीचं परकर-पोलकं होतं, गेलेल्या माणसाच्या धोतराची गोधडी होते. पण अख्खं पात्र एका जोडशिवणीवर उभं करणारा लेखक मी पाहिला नव्हता. पाठीची शिवण नीट कळावी एवढ्याच कारणानं मी ती मालिका लावली. आवाज जपानी, खाली इंग्रजी अक्षरं, आणि अर्थ सांगायला शेजारी भाची. शिवण पहिल्याच दिवशी कळली. मालिका मात्र सोडवली नाही.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कोयोहारू गोतोगे यांची ही चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात जपानी साप्ताहिकात आली आणि २३ खंडांत संपली. मालिका २०१९ पासून. साधारण शंभर वर्षांपूर्वीचा जपान. कोळसा विकणाऱ्या घरातला मोठा मुलगा तांजिरो. राक्षस त्याचं घर संपवतो, उरलेली एक बहीण नेझुको स्वतःच राक्षस होते, आणि तिला पुन्हा माणूस करण्यासाठी तो तलवार हातात घेतो. राक्षस हे सगळे मुळात माणसंच. पुढचं सगळं यातून येतं.

आता त्या पत्राकडे येते. राक्षसावर जीव लावणं म्हणजे काय, हे ठरवायला एक प्रसंग बघावा. रुई नावाचा एक लहान पोरासारखा दिसणारा राक्षस आहे. कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पांढरा किमोनो घालणारा. त्यानं डोंगरावर कित्येक माणसं मारलेली आहेत. तो डगलेवाला गियू, राक्षस मारणाऱ्यांपैकीच एक, त्याचं डोकं उडवतो. अंग राख होत जातं, आणि ते बिनडोक्याचं लहानसं शरीर अडखळत पुढं येऊन पडतं. तांजिरो स्वतः रक्तबंबाळ पडलेला आहे. तो हात लांब करून त्या पोराच्या पाठीवर ठेवतो. क्षणभरानं राख उडून जाते, जमिनीवर रिकामा किमोनो उरतो आणि गियू त्यावर पाय देऊन उभा राहतो. राक्षसाची कीव करू नकोस, असं त्याचं म्हणणं. तांजिरो त्याला पाय काढायला सांगतो. मी राक्षसांना मारीन, मागं हटणार नाही, पण ज्यांना आपल्या केल्याचा पश्चात्ताप झाला त्यांना तुडवणार नाही, अशा अर्थाचं तो बोलतो.

मी हा प्रसंग चार वेळा पाहिला. चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं की पाय देणारा माणूस तो जोडशिवणीचा डगला घालून उभा आहे. दोन मेलेल्यांचं कापड अंगावर घेऊन फिरणारा माणूस तिसऱ्या मेलेल्याच्या कापडावर पाय ठेवतो, आणि हे त्याला एका पोरानं दाखवून द्यावं लागतं. कुणीही ते शब्दांत सांगत नाही. कपड्यांवरूनच कळतं. असं लिहिणाऱ्याला मी मनापासून नमस्कार करते.

यात राक्षसाला माफी कुठे आहे? रुईचं डोकं उडालेलंच आहे. दया दाखवून त्याला सोडून दिलेलं नाही. त्याचं दुःख कळणं एक आणि त्याला सोडणं वेगळं, हे दोन्ही एकाच वेळी हातात धरायला ही कथा शिकवते. आमच्या घरांतून, वाड्यांवरच्या भांडणांतून हे कितीजणांना जमतं?

सहा डोळ्यांचं आता सांगते. ते डोळे कोकुशिबोचे. सगळ्या राक्षसांच्या फौजेत पहिल्या क्रमांकाचा. शेकडो वर्षांपूर्वी तो माणूस होता, तलवार गाजवणारा, आणि त्याला एक जुळा धाकटा भाऊ होता. भाऊ असामान्य. त्याच्या बरोबरीला येण्याची असूया एवढी वाढली की यानं बायको-मुलं सोडली, शेवटी माणूसपणही सोडलं. लहानपणी मात्र त्यानंच त्या भावाला स्वतःच्या हातानं एक बासरी करून दिली होती. संकटात असलास तर वाजव, मी येईन, म्हणून. भावानं ती ओबडधोबड बासरी म्हातारपणापर्यंत जपली, आणि तो गेल्यावर ती याच्याकडे आली. कोकुशिबो मरतो तेव्हा राखेत पडलेल्या कपड्यांत ती सापडते, दोन तुकडे झालेली. एवढी वर्षं ती त्याच्याजवळ होती.

आमच्या वाड्यावरच्या पोरांनी नरकासुराला सहा डोळे काढले हे पत्रलेखकांनी पाहिलं. त्याच्या कमरेला काय खोचलं होतं ते पाहिलं नाही. तिथं बांबूची, मधोमध मोडलेली बासरी होती. ती खोचायला झग्याला आतून एक पट्टी लावून द्या, असं पोरांनी मला सांगितलं होतं. पहाटे कृष्ण आला, बाण लागला, आग लावायची वेळ झाली तेव्हा एकानं विचारलं, बासरी काढून ठेवूया का? बाकीच्यांनी नको म्हटलं. त्याची आहे, त्याच्याबरोबर जाऊ दे. मग नरकासुर जळला, दरवर्षीसारखाच. पोरं घरी गेली, आंघोळी झाल्या, कारीट फोडलं, फोव म्हणजे पोहे खाल्ले. सणात काय कमी पडलं ते मला खरोखर समजलेलं नाही.

आणि नरकासुराची आपली गोष्ट तरी कशी आहे? माझे वडील कीर्तनाला नेत, तिथं ऐकलेलं सांगते. भागवतात त्याला भौमासुर म्हटलं आहे, कारण तो भूमीचा मुलगा. कृष्ण त्याला मारतो आणि मग त्याची आई, भूमी, पुढं येते. मुलानं लुटून आणलेली अदितीची कुंडलं परत करते आणि नातवाला, भगदत्ताला, अभय दे म्हणते. ज्यानं मुलाला मारलं त्याच्यासमोर आई उभी आहे आणि ती मुलाची बाजू घेत नाही, पण त्याच्या लेकराला सोडतही नाही. आपल्या पुराणात हे आहेच. बारा-पंधरा फुटांचा पुतळा आणि कानठळ्या बसवणारा आवाज यांत ते आपण विसरलो, आणि आठवण एका जपानी चित्रकथेनं करून दिली तर बिघडलं कुठे?

दशावतारातला संकासुर आठवा. काळ्या झग्यात येतो, वेद चोरलेले असतात, आणि तरी सगळा मांड त्याच्या बोलण्यावर हसत असतो. मग विष्णूच्या हातून मरतो. आम्ही लहानपणी त्याच्यासाठी जागत बसायचो. कुणी राक्षस झालं नाही. आणि वेताळ? माझे वडील मराठीतली इंद्रजाल कॉमिक्स आणायचे, त्यात फँटम या इंग्रजी कॉमिक्समधल्या नायकाचं नाव वेताळ होतं. आजीनं मुखपृष्ठ बघून हात जोडले होते. इतर ठिकाणी ज्या नावानं पोरांना भीती घालतात त्याला गोव्यातली गावं राखणदार मानतात, गाऱ्हाणं घालतात. भूत कुठे संपतं आणि देव कुठे सुरू होतो, याचा विचार करायची सवय आपल्या मातीतच आहे.

सगळी अ‍ॅनिमे चांगली आहेत असं मी म्हणत नाही. ‘नारुतो’ भाचीच्या आग्रहानं पाहायला घेतलं. ती आणि तिची पुढची मालिका मिळून ७२० भाग, आणि त्यातले कितीतरी नुसते वेळ काढणारे. साकुरा या मुलीला लेखकानं हुशार म्हणून आणलं आणि वर्षानुवर्षं एका मुलाच्या मागं झुरत ठेवलं, याचा मला राग आहे. ‘डीमन स्लेयर’मध्येही तांजिरोचा सोबती झेनित्सू याची किंचाळी मी आवाज बंद करून बघते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट हिंदीतून लागला तो मी थिएटरात पाहिला. ऐन लढाई रंगात आलेली असताना आकाझा या राक्षसाची पूर्वकथा सुरू होते आणि लांबत जाते. मागच्या रांगेतली पोरं कंटाळून चुळबुळ करत होती, आणि मला त्यांचं चुकलं असं वाटलं नाही. पण आजारी बापाच्या औषधासाठी चोरी करणारं पोर, त्याच्या हातांवर शिक्षा म्हणून गोंदलेले पट्टे, आणि पुढं राक्षस झाल्यावर तेच पट्टे अंगभर पसरलेले, हे दिसलं तेव्हा मी रुमाल काढला. त्यानं हातांनी ६७ माणसं मारली, तेही चित्रपट लपवत नाही.

एक शेवटचं उदाहरण, कारण ते मला सगळ्यांत जवळचं आहे. हिरोमु अराकावा या होक्काइदोतल्या शेतकरी घरात वाढलेल्या लेखिकेची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही चित्रकथा, २००१ ते २०१०. त्यात विन्री नावाची मुलगी आहे, यंत्राचे हातपाय बनवणारी कारागीर. तिचे आईवडील डॉक्टर. युद्धात शत्रूपक्षाच्या जखमींवर उपचार करता करता त्यांचाच एक रुग्ण, स्कार, वेदनेच्या आणि संतापाच्या भरात त्यांना मारतो. पुढं तो स्कार तिच्यासमोर जखमी बसलेला असतो. ती त्याच्या हाताची जखम बांधते. आईबाबा असते तर त्यांनी हेच केलं असतं म्हणून. आणि त्याच वेळी स्पष्ट सांगते की मी तुला माफ केलेलं नाही. एकदा तिनं त्याच्यावर पिस्तूल रोखलेलं होतं, तेच हात. कारागीर बाईचे हात काय काय करू शकतात हे एवढं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

संपादक महाशय, आपल्या पुरवणीत नाटकांची, पुस्तकांची परीक्षणं येतात, ती मी कापून ठेवते. महिन्यातून एकदा तरी एखाद्या चित्रकथेवर, ती वाचणाऱ्या आमच्याकडच्याच एखाद्या मुलीकडून वा मुलाकडून लिहून घ्यावं, ही विनंती. मराठीत लिहायला त्यांना विषय मिळेल. आमच्या वाड्यावरची पोरं या पात्रांवर तासन् तास बोलतात, तेही कोकणी-मराठीत, आणि कागदावर मात्र एक ओळ उमटत नाही.

आणि ज्यांनी ते पत्र लिहिलं त्या काकांना माझं आग्रहाचं सांगणं. बासरीची गोष्ट विसाव्या खंडात आहे. खंड इंग्रजीत आहे, माझ्या भाचीकडे आहे आणि ती आनंदानं देईल. तो फक्त उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो, पहिली दोन पानं अडखळायला होतं, मग सवय होते. दुकान मी दुपारी एक ते तीन बंद ठेवते, बाकी कधीही या.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक, म्हापसा
(नाव व पत्ता संपादकांकडे)