प्रोजेक्टची चोरी पहिल्याच आठवड्यात सुरू होते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सेमिस्टर संपत आलं की बेळगावातल्या झेरॉक्स-बायंडिंगच्या दुकानांतून काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं छापलेले प्रोजेक्ट रिपोर्ट गठ्ठ्यांनी बाहेर पडतात. ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम’, ‘लायब्ररी मॅनेजमेंट’, ‘ऑनलाइन शॉपिंग’ ही नावं वर्षानुवर्षं तीच आहेत. आतला मजकूर आणि प्रोग्रामही पुष्कळदा तेच असतात. त्यावर महाविद्यालयांचा उपाय एकच असतो. रिपोर्ट साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढायचा आणि आकडा दहा टक्क्यांच्या खाली आला की सही करायची. हा उपाय चुकीच्या जागी आहे, एवढंच सांगण्यासाठी हे पत्र. विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात नक्कल करतो, कारण पहिल्या आठवड्यात त्याने न झेपणारं काम अंगावर घेतलेलं असतं आणि ते कोणी मोजून पाहिलेलं नसतं.

आधी त्या दहा टक्क्यांबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली वाङ्मयचौर्याविषयीचे विनियम लागू केले. त्यात साम्याचे चार स्तर आहेत: 10 टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, 10 ते 40 टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध, 40 ते 60 टक्क्यांना वर्षभर बंदी आणि 60 च्या पुढे नोंदणी रद्द. अवतरणचिन्हांत श्रेय देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांची कलमं, प्रमाण सूत्रं आणि सलग 14 शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य हे मोजायचं नसतं. पण पदव्युत्तर आणि संशोधन पदवीच्या लेखनासाठी केलेल्या त्याच विनियमांच्या व्याख्येत असाइनमेंट, टर्म पेपर, प्रोजेक्ट रिपोर्ट, कोर्सवर्क आणि उत्तरपत्रिका स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत, हे फार थोड्या विभागांत वाचलं जातं. पीएच.डी.च्या प्रबंधाची फूटपट्टी पाचव्या सेमिस्टरच्या मुलाला लावली जाते, आणि त्यातून तो शिकतो काय, तर शब्द फिरवून आकडा खाली आणायला. ‘डेटाबेस’चं ‘माहितीचा पाया’ करणारी यंत्रं आता फुकट मिळतात. रिपोर्ट आठ टक्क्यांवर येतो, आणि प्रोग्राम मात्र आणलेला तो आणलेलाच राहतो.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या 2022 च्या आराखड्यात संगणक शाखेच्या पाचव्या सेमिस्टरला तीन गोष्टी एकत्र आहेत: सॉफ्टवेअर अभियांत्रिकी व प्रकल्प व्यवस्थापन, संशोधन पद्धती व बौद्धिक संपदा, आणि मिनी प्रोजेक्ट. याहून चांगला योग जुळून यायचा नाही. नियोजन पहिल्यात शिकायचं, श्रेय कसं द्यायचं ते दुसऱ्यात, आणि दोन्ही तिसऱ्यात करून दाखवायचं. पण तीन विषयांचे तीन शिक्षक आणि तीन वह्या होतात. गँट चार्ट, म्हणजे कोणतं काम कोणत्या आठवड्यांत ते पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता, परीक्षेत दहा मार्कांना सुरेख काढणारा विद्यार्थी मिनी प्रोजेक्टचा गँट चार्ट रिपोर्ट छापायच्या आदल्या रात्री काढतो.

तो चार्ट जवळून पाहावा. सगळ्या पट्ट्या नेमक्या दोन-दोन आठवड्यांच्या. एकही काम दुसऱ्यावर अवलंबून नाही. ‘टेस्टिंग’ शेवटच्या पट्टीत, आणि रिपोर्ट लिहायला वेळच ठेवलेला नाही. खरं काम असं कधीच होत नाही. असा चार्ट दिसला की साम्याचा आकडा पाहायचीही गरज उरत नाही.

आता हिशेब. चार जणांचा गट, सेमिस्टरमधले हाताशी येणारे चौदा आठवडे आणि बाकीचे विषय सांभाळून प्रत्येकाचे आठवड्याला सहा तास धरले, तर एकूण 336 तास होतात. सहा तास हा आकडाही सढळ आहे. गटात एक जण खानापूरहून, एक हुक्केरीहून बसने ये-जा करणारा असला की चौघांनी एकत्र बसायचे तास आठवड्याला दोन-अडीचच्या वर जात नाहीत.

बॅरी बोहम यांनी 1981 मध्ये 63 प्रकल्पांच्या आकड्यांवरून मांडलेलं, प्रोग्रामच्या ओळींवरून लागणारी मेहनत काढणारं कोकोमो सूत्र अभ्यासक्रमात आहेच. साध्या प्रकारच्या कामासाठी ते असं: प्रोग्राम किती हजार ओळींचा तो आकडा घ्या, त्याचा 1.05 वा घात करा, 2.4 ने गुणा. उत्तर माणूस-महिन्यांत येतं आणि एक माणूस-महिना म्हणजे 152 तास. पाच हजार ओळींची हॉस्पिटल सिस्टीम घेतली तर सुमारे 13 माणूस-महिने, म्हणजे 1,976 तास होतात. हातात आहेत 336, म्हणजे काम जवळजवळ सहापट मोठं आहे. उलट बाजूने सोडवलं तर 336 तास म्हणजे 2.2 माणूस-महिने, आणि त्यात बसतात फार तर नऊशे ओळी. एवढ्या लहान कामाला हे सूत्र ढोबळच लागू पडतं आणि आजचे फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रामचे तयार साचे, पुष्कळ ओळी स्वतःच देतात, हे मान्य. पण सहापटीचा फरक ढोबळपणाने भरून निघत नाही. विषय मंजूर करणाऱ्या शिक्षकाने हा दहा मिनिटांचा हिशेब विद्यार्थ्यांकडून सही करून घेतला, तर निम्मे ‘मॅनेजमेंट सिस्टीम’ तिथेच गळून पडतील.

मग नऊशे ओळींत करायचं काय? आपल्या उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीतल्या रिजेक्शनची नोंद घ्या. हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक), कास्टिंगचा प्रकार, ओतलेले नग, नाकारलेले नग, दोष कोणता (ब्लोहोल, श्रिंकेज, सँड इन्क्लुजन) आणि महिन्याअखेरीस एक तक्ता. दिसायला किरकोळ आहे. पण तिथल्या सुपरवायझरशी अर्धा तास बोललं की कळतं, ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे आत राहिलेली पोकळी, पुष्कळदा मशिनिंगला गेल्यावर उघडा पडतो, म्हणजे ओतकामानंतर काही दिवसांनी. तेव्हा नाकारलेला नग आजच्या तारखेला लिहून उपयोग नाही, तो मूळ हीटच्या खात्यावर गेला पाहिजे. म्हणजे जुनी नोंद दुरुस्त करता आली पाहिजे आणि ती कोणी, कधी दुरुस्त केली तेही राहिलं पाहिजे. ही एक गरज डेटाबेसमधल्या टेबलांची सगळी रचना बदलते. विकत मिळणाऱ्या कुठल्याही प्रोजेक्टमध्ये ती नसते. निपाणीच्या तंबाखू वखारीतली आवक घ्या किंवा संकेश्वरच्या बाजारातली मिरची घ्या, स्थानिक आणि लहान विषयाची नक्कल करायला मूळ प्रतच कुठे नसते.

तास वाटून देताना विद्यार्थी एकच चूक करतात, सगळे तास प्रोग्रामिंगला देतात. 336 तासांची समंजस वाटणी साधारण अशी होईल: गरजा समजून लिहून काढणं 40, टेबलं आणि स्क्रीनची रचना 36, प्रोग्रामिंग 110, तपासणी आणि तुकडे जोडणं 60, रिपोर्ट व तोंडी परीक्षेची तयारी 50, आणि राखीव 40. राखीव तास कापायचे नाहीत, कारण आजारपण, इंटरनल परीक्षा आणि बिघडलेला लॅपटॉप यांतच ते जातात. प्रत्येक कामाचा अंदाज तीन आकड्यांत मागावा. नोंद भरण्याच्या स्क्रीनला सगळं सुरळीत झालं तर 6 तास, बहुधा 10, अगदी वाईट गेलं तर 26. मधल्याला चारने गुणून तिन्हींची बेरीज करा आणि सहाने भागा, 12 तास येतात. दोन टोकांतला फरक सहाने भागला की 3.3 तास, एवढी चूकभूल धरायची. ज्या कामात दोन टोकं फार लांब आहेत ते काम विद्यार्थ्याला अजून समजलेलं नाही, आणि नेमकं तेच आधी करायला घ्यायचं. सहसा उलटं होतं. लॉगिन स्क्रीन रंगवण्यात तीन आठवडे जातात, नवव्या आठवड्यात टेबलाची रचना बदलावी लागते, झालेल्या सगळ्या स्क्रीन मोडतात आणि दहाव्या आठवड्यात कोणीतरी तयार प्रोजेक्टचं नाव काढतो.

हे रोखायचं तर दर आठवड्याला एक पान पुरे. पानावर पाच रकाने असावेत: काम, कोणाकडे, अंदाजे तास, प्रत्यक्ष तास, फरक का पडला. शेवटच्या रकान्यालाच गुण द्यावेत. अंदाज चुकला म्हणून गुण कापले की विद्यार्थी खोटे तास लिहायला लागतात आणि सगळी वही निकामी होते. एकूण गुणांच्या निदान चाळीस टक्के या वहीला आणि प्रोग्रामच्या इतिहासाला असावेत.

प्रोग्रामचा इतिहास म्हणजे गिटची नोंद. 2005 पासून ते सर्वांना मोफत उपलब्ध आहे. प्रत्येक बदल कोणी केला, कधी केला, कोणत्या ओळी बदलल्या ते त्यात राहतं. प्रामाणिक गटाची नोंद ओबडधोबड असते: अर्धवट काम, चुकीची दुरुस्ती, ती मागे घेणं, रविवारी काहीच नाही, इंटरनलच्या आठवड्यात शांतता. आणलेल्या प्रोजेक्टच्या नोंदीत शेवटच्या आठवड्यात एकच ओळ असते, ‘फायनल’, आणि सगळ्या फायली तिच्यात. दोन सावधगिऱ्या मात्र हव्यात. गिटमधली तारीख करणाऱ्याच्या हातात असते, मागची टाकता येते. म्हणून शिक्षकाने दर शनिवारी स्वतःची प्रत ओढून ठेवावी. दुसरं, चौघांचं काम एकाच लॅपटॉपवरून, एकाच नावाने चढलं असेल तर इतरांनी काहीच केलं नाही असा निष्कर्ष लगेच काढू नये. प्रत्येकाचं नाव आणि ईमेल पहिल्याच तासाला बसवून घेणं हे शिक्षकाचं काम आहे.

दुसऱ्याचं घेण्याला बंदी नाही, आणि हे विद्यार्थ्यांना कोणी नीट सांगत नाही. एमआयटी या खुल्या परवान्याचा प्रोग्राम मूळ परवान्याचा मजकूर सोबत ठेवून वापरता येतो. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळावरची उत्तरं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे द्या या परवान्याखाली असतात. पण परवाना हा एक प्रश्न आणि गुण हा दुसरा. परवान्याने घेण्याची मुभा दिली तरी ते ‘मी लिहिलं’ असं सांगण्याची मुभा मिळत नाही. त्या ओळींच्या वरच एक टीप लिहावी: कुठून घेतलं, कोणत्या दिवशी, आपण काय बदललं. एआयकडून लिहून घेतलेल्या भागालाही हीच टीप, सोबत विचारलेला प्रश्न. टीप असेल तर गुण कापू नयेत, विद्यार्थ्याने केलेल्या बदलाला गुण द्यावेत. आणि तोच भाग टीपेशिवाय सापडला तर कापावेत.

प्रोग्राममधलं साम्य शोधायला 1994 पासून मॉस नावाची यंत्रणा आहे. ती व्हेरिएबलची नावं बदलून फसत नाही, कारण ती नावं बाजूला ठेवून प्रोग्रामचे लहान तुकडे करते आणि त्यांचे ठसे जुळवते. मात्र शिक्षकाने वर्गात दिलेला सांगाडा आधी वगळायला सांगितला नाही तर अख्खा वर्ग एकमेकांची नक्कल केलेला दिसतो. यंत्राने जोडी दाखवली की ती उघडून वाचायची असते. निकाल माणसाने द्यायचा.

आपल्या भागाला सगळ्यात जास्त झळ लागते ती ‘एआयने लिहिलंय का’ हे ओळखणाऱ्या यंत्रांची. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून खानापूर, निपाणी, चंदगडहून आलेला मुलगा इंग्रजी रिपोर्ट लिहितो तेव्हा त्याची वाक्यं साधी असतात, शब्द मोजके आणि ठरावीक असतात. अशाच लेखनावर ही यंत्रं चुकतात. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले 91 निबंध सात यंत्रांना दिले. माणसांनी लिहिलेले हे निबंध सरासरी 61 टक्के वेळा यंत्राने लिहिलेले ठरवले गेले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं ओळखयंत्र त्याच वर्षी जुलैत अचूकता कमी म्हणून मागे घेतलं. केवळ अशा आकड्यावरून आमच्या मुलामुलींवर आरोप होणं हा अन्याय आहे, आणि तो थांबलाच पाहिजे.

या मुलांची खरी अडचण वेगळी आहे. आपल्या इंग्रजीची भीती वाटते म्हणून ते पुस्तकातलं वाक्य उचलतात आणि दोन शब्द बदलतात. त्यांना गरजांचा पहिला मसुदा मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहू द्यावा. फौंड्रीतला सुपरवायझर ज्या भाषेत बोलला त्या भाषेतच ती नोंद नेमकी उतरते. मग स्वतःच्या मसुद्याचं इंग्रजी करताना उचलायला दुसऱ्याचं वाक्य लागत नाही.

तोंडी परीक्षेत ‘एसडीएलसी (सॉफ्टवेअर तयार होण्याचे टप्पे) म्हणजे काय’ हा पाठांतराचा प्रश्न बंद करावा. गटातल्या प्रत्येकाला पंधरा मिनिटं आणि एक लहान बदल द्यावा: दोषांच्या यादीत एक नवा दोष वाढवा, किंवा नाकारलेले नग ओतलेल्या नगांपेक्षा जास्त भरता येणार नाहीत असं करा. लिहिणाऱ्याला कोणती फाईल उघडायची ते लगेच कळतं, बदल पुरा झाला नाही तरी. काय करतोय ते त्याने मराठीत सांगावं की कन्नडमध्ये, याला गुण नसावेत. परीक्षकांना देण्याच्या सूचनांमध्ये हा एक बदल विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांना पुढच्या सेमिस्टरपासूनही करता येईल.

आपली,
सॉफ्टवेअर अभियांत्रिकी शिकवणारी एक प्राध्यापिका
टिळकवाडी, बेळगाव