पस्तिसाचा गुलाल आणि आमचे चौतीस

महोदय,

कालच्या अंकात पान ३ वर दहावीच्या निकालाची ‘सगळ्या विषयांत ३५! पठ्ठ्याची कमाल’ ही बातमी फोटोसकट वाचली. गुलालाने माखलेला मुलगा मित्रांच्या खांद्यावर आणि मागे हलगीवाले. मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही, पास झाला, पेढे खावेत. तक्रार आहे ती आपल्या वार्ताहराच्या गणिताबद्दल. ‘सहा विषयांत प्रत्येकी ३५, एकूण ५०० पैकी २१०, म्हणजे ३५ टक्के’ असं छापून आलंय. पस्तीस सक दोनशे दहा, इथवर ठीक. पण ५०० पैकी २१० म्हणजे ४२ टक्के होतात हो! २१० धरायचे तर ६०० पैकी धरा, ५०० धरायचे तर ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’चे, म्हणजे सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांचे, १७५ धरा. ही पाच विषयांची पद्धत २०१० पासूनची आहे, तेव्हा ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजलं होतं. (सहाही विषयांत ३५ असताना त्यातले ‘बेस्ट’ पाच कसे निवडतात, हे एकदा बघायला आवडेल.)

बरं, ही कमाल तरी केवढी? शंभरातले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेच्या हातातले. शाळेने सढळ हाताने वीसच्या वीस दिले, तर लेखी ८० पैकी १५ मिळवले की झाले ३५. टक्केवारी काढली तर १९ सुद्धा भरत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर अकरावीला जाऊ देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा आपल्याच अग्रलेखाने ‘गुणवत्तेचा बळी’ म्हणून गळा काढला होता. तेव्हा हे १५ कुठे गेले होते? आणि शाळेच्या या गुणांचं वजन किती असतं, तेही एकदा उघड दिसलं आहे. भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढले आणि २०१९ चा दहावीचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. मग गुण परत दिले, २०२० ला निकाल ९५.३०. एका वर्षात पोरं एवढी हुशार झाली म्हणायची!

मला हे एवढं का झोंबलं तेही सांगतो. आमची धाकटी नववीत असताना गणितात ३४ गुण मिळवून नापास झाली. बीजगणित १५, भूमिती ७, अंतर्गत १२. वही अपुरी म्हणून १२; तिच्या बाकावरच्या मैत्रिणीला १९ होते आणि तिची वही आमच्याच घरी बसून उतरवलेली होती, पण ते जाऊ द्या. बीजगणिताचा पेपर बघायला मागितला. पहिल्या पानावरच्या चौकटीत बाईंनी लाल पेनाने लिहिलेलं : ६, ४, ३, २, १. खाली बेरीज १५. मी शाळेतच, टेबलाशी उभ्याउभ्या, बोटांवर मोजून दाखवलं. सोळा होतात. शेवटच्या प्रश्नाचा १ धरायचाच राहिला होता. मुख्याध्यापकांनी चष्मा वर केला, दोनदा बेरीज केली, आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं, पण निकाल भरून वर पाठवलाय. जूनमध्ये पुनर्परीक्षा आहेच की. एका मार्कासाठी एवढं काय मनाला लावून घेता?”

मे महिनाभर आजोळी न जाता पोरगी घरात पाढे आणि समीकरणं करत बसली. लग्नकार्यात जो भेटेल तो विचारायचा, “काय गं, राहिलीस म्हणे?” तिच्यासाठी कुणी हलगी आणली नाही. एका मार्काने काही होत नसेल, तर ३५ वाल्याचा फोटो पान ३ वर आणि ३४ वाल्याच्या आईबापांनी तोंड लपवायचं, असं का? दरवर्षी निकाल लागला की आपल्याकडे दोनच प्रकारची मुलं छापून येतात, एक शंभर टक्केवाली आणि एक पस्तीसवाली. मधल्या ६२ वाल्यांनी आणि काठाच्या अलीकडे राहिलेल्यांनी आपलं काय घोडं मारलंय?

तरी कृपया ५०० पैकी २१० ची दुरुस्ती छापावी, आणि तीही त्याच पानावर. मागच्या दुरुस्तीसारखी निविदांच्या जाहिरातींखाली, भिंग लावून शोधावी लागेल अशी नको. लिहितोच आहे तर आणखी एक : रविवारच्या पुरवणीतल्या अंककोड्याचं उत्तर ‘पुढील रविवारी’ येईल असं दरवेळी छापता. गेल्या दोन्ही रविवारी तिथे मसाल्याची जाहिरात होती. आडव्या तिसऱ्या ओळीत माझ्या हिशेबाने ७ येतो. तुमचा किती येतो ते कळवावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सांगली