मालदिनीला त्या एका क्लिपवरून मोजू नकोस

चि. मुक्ता,

परवा तू ती २००२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपची क्लिप पाठवलीस, दक्षिण कोरियाचा आन जुंग ह्वान इटलीचा डिफेन्डर पाओलो मालदिनीच्या वरून उडी घेऊन हेडर मारतो आणि इटली वर्ल्ड कपमधून बाहेर, आणि खाली लिहिलंस, बाबा तू ज्याचं एवढं कौतुक करतोस तो हाच का. हो गं, हाच. ११७ वं मिनिट होतं ते, मालदिनीचं वय ३४ ला टेकलेलं, आणि इटलीसाठी त्याची ती शेवटची मॅच. पण त्याच्या आधीची १४ वर्षं त्या क्लिपमध्ये नाहीत ना.

१९८८ ला युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिल्यांदा उतरला तेव्हा १९ वर्षांचा होता. १९९० चा वर्ल्ड कप घरच्या मैदानांवर, इटलीने पहिल्या पाच मॅचमध्ये एकही गोल खाल्ला नाही, आणि सेमीफायनलला अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर गेले. १९९४ ची फायनल ब्राझीलशी, पुन्हा पेनल्टी. १९९८ ला क्वार्टरफायनल फ्रान्सशी, परत पेनल्टी, आणि त्या वेळी कॅप्टन हा आणि कोच त्याचे वडील चेझारे. मला बाप म्हणून ही मॅच बघवत नाही, खरं सांगतो. मग २००० ची युरो फायनल, शेवटच्या क्षणापर्यंत १-० पुढे, फ्रान्सने बरोबरी केली आणि त्रेझेगेने गोल्डन गोल मारला, म्हणजे जादा वेळेतला असा गोल की तो झाला की मॅच तिथेच संपते.

म्हणजे १२६ मॅच, त्यातल्या ७४ कॅप्टन म्हणून, आणि इटलीच्या जर्सीत एकही कप नाही. तो थांबला आणि चार वर्षांनी, २००६ ला, इटली वर्ल्ड कप जिंकली. लोक म्हणतात नशीब, मला ते पटत नाही, एवढ्या वेळा तिथपर्यंत टीम पोचते ती मागे अशी माणसं उभी असतात म्हणूनच. स्ट्रायकरचे गोल मोजता येतात गं, डिफेन्डरने होऊ न दिलेले कोण मोजणार, त्याचा एक चुकला की तेवढाच क्लिपमध्ये राहतो. तू स्वतः लेफ्ट बॅक खेळतेस म्हणून हे सगळं एवढं लिहितोय.

एक काम कर, १९९४ ची फायनल पूर्ण बघ, हायलाइट्स नको. इटलीचा मधला डिफेन्डर कोस्ताकुर्ता सस्पेंड होता म्हणून मालदिनी त्याच्या नेहमीच्या डाव्या बाजूला नाहीये, मधे दुसरा डिफेन्डर बारेझीबरोबर आहे, आणि बारेझी तर गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याच स्पर्धेत परत आलेला! समोर ब्राझीलचे स्ट्रायकर रोमारिओ आणि बेबेतो, तरी १२० मिनिटं ०-०. बॉलकडे बघू नकोस, ५ नंबरच्या जर्सीतल्या मालदिनीकडे बघ, बॉल लांब असताना तो कुठे सरकतो, कधी मागे वळून पाहतो, टॅकल कधी टाळतो ते. त्याला घसरून टॅकल फार कमी करावी लागते, कारण तो आधीच तिथे पोचलेला असतो. बघून झालं की फोन कर, रोमारिओला त्याने कुठल्या बाजूला ढकललं ते मला तुझ्याकडून ऐकायचंय.

तुझा,
बाबा